व्हिनेगर प्यायला कोणतं घ्यावं? (चवीसाठी! वजनासाठी नाही) – ठाणे, बजेट ५००

आंबटशौकीन:
नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मला वजन कमी करायचं नाहीये, शुगर नाही, पित्त नाही. मला व्हिनेगर आवडतं, एवढंच. लहानपणी चायनीजच्या गाडीवर मिरच्या घातलेल्या व्हिनेगरची वाटी यायची ना, ती मी चमच्याने संपवायचे आणि आईची टपली खायचे.

मागच्या महिन्यात गोव्याला एके ठिकाणी 'श्रब' नावाचं काहीतरी प्यायले. अननस, साखर, व्हिनेगर आणि वर सोडा. पहिला घोट सरळ नाकात गेला. दुसऱ्या घोटाला कळलं की लिंबूसरबत जिभेवरच संपतं, हे घशाच्या मागे रेंगाळतं. तेव्हापासून डोक्यात बसलंय.

घरात खिडक्या पुसायचं पांढरं व्हिनेगर आहे. ते मटकीच्या उसळीवर लिंबाऐवजी टाकून बघितलं, नुसतं झोंबलं. तर प्यायला आणि वरून घ्यायला चालेल अशी एकच बाटली सुचवा. ५०० च्या आत. नौपाडा, राम मारुती रोड, जांभळी नाका, कुठेही जाईन. ऑनलाइन नको. मागे काचेची बाटली फुटून आली, जिन्याला आठ दिवस वास होता.

पामबीच_रनर:
सफरचंदाचं घ्या, 'मदर'वालं, तळाशी जाळं असतं ते. मी ऑनलाइन दोनच्या जोडीची ऑफर घेतो, अकराशेच्या आसपास पडते. सकाळी अनशापोटी दोन चमचे. ४ महिन्यांत ६ किलो उतरलो. बजेट थोडं वाढवा, तब्येतीपुढे पैसा काय.

आंबटशौकीन:
वजन नाही हो दादा. आणि ऑनलाइन पण नाही.

नेरूळची_काकू:
सफरचंदाचंच घे गं. आमच्याकडे पण तेच. फक्त घरच्यांना आधी सांगून ठेव. आमच्या ह्यांनी बाटलीत तळाशी जाळं बघितलं, म्हणाले खराब झालंय, आणि चहाच्या गाळणीने गाळून सगळी 'मदर' बेसिनमध्ये. वर मलाच म्हणतात, नीट बघून घेत जा.

मोरीतली_बरणी:
काकू, ते जाळं गेलं म्हणून काही बिघडलं नाही. ते अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणूंनी विणलेलं असतं. आधी यीस्ट साखरेची दारू करतं, मग हे जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या दारूचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड करतात. मदर असली की चव जरा भरीव लागते म्हणतात, पण आंबटपणा तोच.

मी घरी केलंय, उसाच्या रसाचं. पहिल्या वेळी झाकण घट्ट लावून ठेवलं. त्याला हवा लागते, हे नंतर वाचलं. दुसऱ्या वेळी बरणीला मलमलचं फडकं बांधलं तर दोन महिन्यांत झकास झालं, पण त्या दोन महिन्यांत सगळ्या मजल्यावर चिलटं. शेजारच्या आजींनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट तक्रार टाकली.

कोपरीकर:
म्हणजे दारूपासून होतं? मग उपवासाला चालतं का?

नेरूळची_काकू:
उपवासाला कशाला व्हिनेगर?

कोपरीकर:
काकडीच्या कोशिंबिरीत.

घोडबंदरकर:
बजेट वाचलं, तरी लिहितो. इटलीतल्या मोदेनाहून १०० मिलीची बाटली आणली आहे. खरं पारंपरिक बाल्सामिक. द्राक्षाचा रस आटवून लाकडी पिंपांत किमान १२ वर्षं मुरवतात, वरच्या प्रतीचं २५ वर्षं. काकवीसारखं दाट. किंमत सांगत नाही, बायको हा धागा वाचते. आम्ही ते हापूसच्या फोडीवर थेंब थेंब घालून खातो. इथल्या मॉलमध्ये त्या नावाने मिळतं ते बहुतेक वाइन व्हिनेगर आणि द्राक्षरसाचं मिश्रण असतं, त्याला ६० दिवस मुरवलं तरी पुरतं. एकदा खरं चाखलं की बाकीचं घशाखाली उतरत नाही.

मोरीतली_बरणी:
हापूसवर??

कोपरीकर:
हापूसवर व्हिनेगर घालणाऱ्याला कोकणात घ्यायचे नाहीत.

नेरूळची_काकू:
आमच्याकडे आमरसात मिरपूड घातली तर सासूबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

*(इथे हापूसवर १४ प्रतिसाद आहेत. – धागाकर्ती)*

कुपारी_वसई:
ताई, आपल्या बाजूचं कुणी बोलतच नाही. गोव्यात माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं व्हिनेगर असतं, विंदालू आणि सोरपोटेल हे मटणाचे प्रकार त्याच्यावरच उभे. विंदालू हे नावच पोर्तुगीज, वाइन आणि लसणावरून आलेलं. त्यात 'आलू' नाही, हॉटेलवाल्यांनी कृपया नोंद घ्यावी. आमच्याकडे सणाच्या मटणात लिंबू पिळलं तर आजी ताट सरकवायची. लिंबाच्या आंबटाने मटण टिकत नाही, सुरेच्या टिकतं, असं तिचं म्हणणं. चौथ्या दिवशीचं सोरपोटेल पहिल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं हे मात्र मी स्वतः सांगतो. पुढच्या वेळी गोव्याला गेलात की बाजारातून आणा, स्वस्त असतं. मटकीवर कांद्यासोबत अर्धा चमचा, बघा.

आंबटशौकीन:
हे आवडलं. पण पुढचा गोवा दिवाळीत. तोवर?

बावाजी_स्टाइल:
उसाचा हवा तर नवसारीच्या कोलाह कंपनीचा सिरका, म्हणजे व्हिनेगरच. पारशी लोक लगनच्या अचारात तोच घालतात. मी नवसारीहून येणाऱ्याकडून मागवतो. ठाण्यात शोधलं नाही, गरजच पडली नाही.

दातांची_दया:
मी डेंटिस्ट आहे, म्हणून कटकट करते. चवीसाठी प्या, खुशाल प्या, पण नुसतं पिऊ नका. एक मोठा चमचा म्हणजे १५ मिली, पेलाभर पाण्यात किंवा सोड्यात. घोळवत बसू नका, हवं तर स्ट्रॉ वापरा. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका, अर्धा तास तरी जाऊ द्या. आम्लाने दातांचं एनॅमल मऊ झालेलं असतं, त्यावर ब्रश म्हणजे घासकागद. अनशापोटी दोन चमचे घेणारे माझ्याकडे येतात, दात शिवशिवतात म्हणून.

पामबीच_रनर:
लिंबूपाणी पिता तेव्हा कुणी दातांचं काढत नाही.

दातांची_दया:
मी तेव्हाही काढते. लिंबू काही कमी आम्ल नाही.

गिऱ्हाईक_नं_१:
मूळ प्रश्नाकडे येऊ या. मी किराणा दुकानदार आहे. बाटली फिरवा, मागचं लेबल वाचा. पाण्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड मिसळून केलेलं असेल तर त्यावर 'सिंथेटिक' आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडपासून केल्याचं छापणं नियमाने सक्तीचं आहे. चायनीज गाडीवर आणि तुमच्या खिडकीवर बहुधा तेच. आंबवून केलेल्यावर 'ब्रूड' असतं. दोन्हींत अ‍ॅसिड किमान ३.७५ टक्के हवं, त्यामुळे झोंबण्यात फरक थोडा. फरक असतो मागून येणाऱ्या चवीत. तुम्हाला घशात रेंगाळणारं हवंय ना, मग ब्रूडच घ्या. फळाचं, उसाचं, कशाचंही. रंगावर जाऊ नका, कॅरामल घालून कुणीही तपकिरी करतो.

नेरूळची_काकू:
मी पण तेच म्हणत होते, सफरचंदाचं घे.

मोरीतली_बरणी:
श्रब घरी सोपा आहे. वाटीभर फळं चुरडून वाटीभर साखरेत रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी रस गाळायचा, त्यात वाटीभर व्हिनेगर. आठवडाभर फ्रीजमध्येच ठेवा, पहिल्या दिवशीचा तिखटपणा बसतो. मग दोन चमचे आणि वर सोडा. येऊरची करवंदं मिळतायत तोवर करून घ्या.

कोपरीकर:
करवंदं असताना वर व्हिनेगर कशाला? कोकमाचं आगळ आहे, कैरी आहे, चिंच आहे. आपल्याकडे आंबटाचा दुष्काळ पडलाय का? आणि उपवासाचं कुणी सांगितलं नाही.

पामबीच_रनर:
चवच हवी असेल तर लोक आगळ पितात. व्हिनेगर वजनासाठीच. रिसर्च आहे.

गिऱ्हाईक_नं_१:
तुम्ही २०२४ मधला लेबनॉनचा पेपर म्हणत असाल, १२० जणांवरचा, तर तो बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकवाल्यांनी २०२५ मध्ये मागे घेतला. आकडेच पटेनात. आणि शुगरच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, हेही इथे लिहून ठेवतो.

पामबीच_रनर:
माझे ६ किलो तर परत आले नाहीत.

दातांची_दया:
पळताय पण ना रोज?

पामबीच_रनर:
पळतो. आता आलोच आहे तर सांगतो, मधे दोन आठवडे बंद होतं. रात्री तांब्याच्या बाटलीत पाण्यात मिसळून ठेवलं होतं, सकाळी पळताना प्यावं म्हणून. सानपाड्याच्या पुढे गेलो आणि उलट्या. घरी येऊन बघितलं तर पाणी हिरवट.

नेरूळची_काकू:
अरे देवा! कळकलं ते! कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ठेवतं का कुणी? आईने ताकसुद्धा पितळीत ठेवू दिलं नसतं. काचेत ठेव रे बाबा.

आंबटशौकीन:
मंडळी, बाटली आणली. काल जांभळी नाक्याला गेले होते. सफरचंदाच्या चार बाटल्या हातात घेतल्या, लेबलं वाचली, दोन बजेटमध्येही होत्या. मग बाजूच्या काष्ठौषधींच्या दुकानात हिंग घ्यायला शिरले, तिथे कोपऱ्यात जांभळाचा सिरका दिसला. १४० रुपये, उत्तर प्रदेशातला, लेबलवर सिंथेटिक नाही. दुकानदाराने विचारलं, "शुगर कुणाला आहे?" मी म्हटलं, कुणालाच नाही. त्याला काही ते पटलं नाही.

घरी येऊन एक चमचा सिरका, दोन चमचे साखर, चिमूट काळं मीठ, बर्फ आणि सोडा. रंग चहाचा. आधी आंबट, आणि मग जिभेच्या दोन्ही कडा ओढल्यासारखा तो जांभळाचा तुरटपणा. नवरा म्हणतो ओल्या मोज्यांचा वास येतो. वास येतो हे खरं आहे. रात्री वांग्याच्या भरतावर अर्धा चमचा घातला, तेव्हा त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि मी कशामुळे ते सांगितलं नाही.

गिऱ्हाईक_नं_१:
हे मी सुचवलं नसतं. पण लेबल वाचलंत, झालं.

घोडबंदरकर:
१४० मध्ये काय मिळणार.

मोरीतली_बरणी:
त्यात करवंदं घालून श्रब करा. मी येते चाखायला.

नेरूळची_काकू:
संपलं की सफरचंदाचं घे.

पामबीच_रनर:
माझ्याकडे जोडीतली दुसरी बाटली पडून आहे, सील न फोडलेली. कुणाला हवी तर सीवूड्सहून न्या, फुकट.

नेरूळची_काकू:
मी नेते. खिडक्या पुसायच्या आहेत.