अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना काय काय सांभाळायचं?

प्रश्न: आयफोन घेतलाय, अजून चालू केला नाहीये. व्हॉट्सअ‍ॅपचे जुने चॅट नेता येतात ना? आणि सुरुवातीला कुठली अ‍ॅप टाकू, उगाच गर्दी नकोय.

प्रतिसाद १: चालू केला नाहीये हे बेस्ट! जुन्या फोनवर 'मूव्ह टू आयओएस' हे अ‍ॅपलचं अ‍ॅप टाका, चॅट त्यातूनच जातात (२०२२ पासून सोय आहे) पण त्यासाठी आयफोन कोरा किंवा रीसेट केलेला लागतो, आणि गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर रिस्टोअर होत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर जुना फोन पुसून टाकू नका. नंबर तोच ठेवा.

प्रतिसाद २: +१. माझ्या मते आधी पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप), मग ऑथेंटिकेटर (लॉगिनसाठी लागणारे कोड दाखवणारं अ‍ॅप), बाकी सगळं नंतर. बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर दोन्हीकडे चालतो. ऑथेंटिकेटरचे कोड नव्या फोनवर दिसतायत का बघा, मगच जुना विका. आणि हो, एकदाच पैसे भरून घेतलेली अ‍ॅप परत विकत घ्यावी लागतात, सबस्क्रिप्शन असेल तर बहुतेक वेळा लॉगिन करून भागतं.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! फोटो गुगल फोटोजमध्ये आहेत, त्यांचं?

प्रतिसाद २: अ‍ॅप टाका, त्याच अकाउंटने लॉगिन करा, झालं. बॅक बटण मात्र शोधत बसाल थोडे दिवस 😄