सेल्मा मोर्चाला परवानगी देणारा फेडरल जज कोण होता?

निखिल_वाचतो:
अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी 1965 मध्ये अलाबामा राज्यात निघालेल्या सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चाबद्दल वाचतोय. मार्टिन ल्यूथर किंग आहेत, अलाबामाचे गव्हर्नर वॉलेस आहेत, आणि मध्येच एक ओळ: फेडरल (म्हणजे राज्याच्या नव्हे, केंद्राच्या कोर्टातल्या) जजने मोर्चाला परवानगी दिली. हा माणूस कोण? आणि ट्रायल कोर्टातला जज थेट गव्हर्नरला आडवा जातो, तरी त्याची बदलीबिदली कशी होत नाही?

काळा_कोट:
फ्रँक जॉन्सन. आमच्या धंद्यातल्या माणसाला हेवा वाटावा अशी कारकीर्द.

आधी बदलीचं. गव्हर्नरचा फेडरल जजशी संबंधच येत नाही. नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, मंजुरी सिनेटची, आणि मग पद तहहयात. निवृत्तीचं वय नाही, पगार कमी करता येत नाही. काढायचंच तर महाभियोग.

जॉन्सन मूळचे विन्स्टन काउंटीचे. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेत राहूनही हा भाग देशातून फुटून निघायच्या विरोधात होता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत जखमी झाले. 1955 मध्ये आयझेनहॉवरनी नेमलं. वर्षही झालं नव्हतं, तोवर मॉन्टगोमेरीच्या बसमधल्या वर्णभेदाचा खटला समोर आला. तिघांचं खंडपीठ, निकाल 2 विरुद्ध 1, आणि बहुमतात जॉन्सन. पुढे सुप्रीम कोर्टाने तोच कायम केला. गंमत म्हणजे वॉलेस आणि ते लॉ कॉलेजात बरोबरचे!

आता सेल्मा. 7 मार्च 1965 ला पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपलं. किंग यांच्या बाजूचे वकील कोर्टात आले, तेव्हा जॉन्सननी आधी उलटंच केलं: सुनावणी होईपर्यंत मोर्चा नको. लोक हे विसरतात. चार-पाच दिवस साक्षी ऐकल्या आणि 17 तारखेला आदेश दिला. त्यांचा मुद्दा असा की अन्याय जेवढा मोठा, तेवढा निषेधाचा हक्कही मोठा. पण त्याच आदेशात मोर्चाच्या वाटेचा, हायवे 80 चा हिशेबही आहे. चौपदरी रस्त्यावर कितीही माणसं चाला, दुपदरी पट्ट्यात 300 च्या वर नाही. मला हा 300 चा आकडाच जास्त आवडतो. तत्त्व सांगून झाल्यावर वाहतूक कशी चालेल तेही बघणारा माणूस.

शंकासुर:
कौतुक पुरे. याच जॉन्सननी पुढे मनोरुग्णालयात किती रुग्णांमागे एक संडास हवा तेही ठरवून दिलं. मग लोकांनी निवडून दिलेलं सरकार कशाला? तहहयात बसलेला माणूस राज्याचा कारभार हाकणार?

काळा_कोट:
प्रश्न रास्त आहे, पण क्रम बघा. टस्कलूसाच्या ब्राइस हॉस्पिटलचा खटला. 1971 मध्ये त्यांनी म्हटलं की माणसाला सक्तीने दाखल केलंत, तर उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि राज्याला सुधारायला सहा महिने दिले. काही धड झालं नाही. तेव्हा कुठे 1972 चा आदेश आला: आठ रुग्णांमागे एक संडास, खोलीचं तापमान 68 ते 83 फॅरेनहाइट, एवढे डॉक्टर, एवढ्या नर्स. यातल्या बऱ्याच अटी दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या होत्या. सरकारने स्वतः केलं असतं तर जजला संडास मोजायची हौस नव्हती. तरी तुमचं एक मान्य: असा खटला वर्षानुवर्षं कोर्टाच्या गळ्यात राहतो, आणि हा तर तीस वर्षं राहिला.

मीरा_जे:
या सगळ्याची किंमतही त्यांनी मोजली. 1956 मध्ये घरासमोर जळता क्रॉस (तिथल्या वर्णद्वेष्ट्यांची धमकी द्यायची रीत), 1967 मध्ये आईच्या घरावर बॉम्ब. आई बचावल्या. पद कोणी हिरावून घेऊ शकत नव्हतं, पण शेजारीपाजारी, चर्च, ओळखीपाळखी यांना तहहयात नेमणुकीचं कवच थोडंच असतं? 1977 मध्ये कार्टर त्यांना एफबीआयचे प्रमुख करणार होते, पण तब्येतीने घात केला. 1979 मध्ये ते वरच्या कोर्टात गेले.

निखिल_वाचतो:
आभार. सेल्माचा मूळ आदेश वाचायचा असेल तर काय शोधू?

काळा_कोट:
विल्यम्स विरुद्ध वॉलेस, 1965. फेडरल सप्लिमेंट (फेडरल ट्रायल कोर्टांच्या निकालांचा छापील संग्रह), खंड 240, पान 100. मोर्चाचा आराखडा शेवटी जोडलाय, तो वगळू नका.