गवत कापायच्या मशीनचं फ्लायव्हील जागचं हलत नाही

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)
सोसायटीच्या लॉनचं ढकलायचं पेट्रोल मशीन. उभ्या शाफ्टचं चार-स्ट्रोक इंजिन. पातं दगडावर आपटून बंद पडलं. आता दोरी ओढली की उलटा झटका मारतं आणि कार्बोरेटरमधून फटाका फुटतो. चावी (फ्लायव्हील शाफ्टवर नेमक्या जागी ठेवणारा खाचेतला छोटा तुकडा) कापली असणार, म्हणून वरचा नट काढलाय. पण फ्लायव्हील टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, चिकटून बसलंय. तीन पायांचा बेअरिंग पुलर कडेला लावला, तर कडाच वाकेल असं दिसतंय. हबजवळ दोन भोकं आहेत, पण त्यांना आटे नाहीत. पुढे काय करू?

पाना१९
तो पुलर आधी उतरवा. फ्लायव्हील ओतीव ॲल्युमिनियमचं असतं, कडेला ताण दिला की तडकतं, आणि तडकलेलं चाक तीन हजार आरपीएमला फिरवणं म्हणजे पायाशी सुतळी बॉम्ब ठेवणं. ओढायचं ते हबजवळच.

त्या दोन भोकांसाठीच वेगळा पुलर येतो: जाड पट्टी, मध्ये मोठा बोल्ट, बाजूला दोन स्क्रू. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या बऱ्याच इंजिनांत ही भोकं बिनआट्यांचीच येतात, स्क्रू स्वतःच आटे पाडत उतरतो. पुलर नसेल तर पाव इंची, इंचाला २० आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारा आणि सातपूरच्या एखाद्या टर्नरकडून १० एमएम पट्टीला तीन भोकं पाडून घ्या. दोन्ही बोल्ट निदान १० एमएम तरी आत धरले पाहिजेत, नाहीतर आटे उपटून हातात येतील. मात्र खाली चार्जिंगची वायंडिंग असेल तर बोल्ट तिला टेकू देऊ नका.

प्लगची कॅप काढून बाजूला बांधा. नट परत चढवा, शाफ्टच्या टोकाशी समपातळीत. म्हणजे पुलरचा दाब आट्यांवर येणार नाही. हबच्या फटीत गंज सोडवणारं तेल टाका. शाफ्ट उभा आहे हे बरं, तेल तिथंच थांबतं. रात्रभर मुरू द्या. सकाळी दोन्ही बाजू सारख्या आवळा, मधला बोल्ट ताठ करा आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक कोरडा टोला द्या. नाही सुटलं तर पाव फेरा आणखी, पुन्हा टोला. टेपर नुसत्या जोराने सुटत नाही; ताण दिलेला असताना बसलेल्या धक्क्याने सुटतो, आणि सुटतो तो ‘टक्’ करून.

दिंडोरीकर
गॅसची बत्ती लावू नका, कोणी कितीही सांगो. लोहचुंबक कमजोर होतात, खालचं ऑइल सील जळतं, आणि पेट्रोलची टाकी वीतभर अंतरावर. लागलीच तर हीट गन, फक्त हबवर, दोन-तीन मिनिटं, टाकी उतरवून. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, एवढाच फायदा घ्यायचा. शाफ्टवर थेट घण घालणं आणि फ्लायव्हीलच्या पाकळ्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवणं, दोन्ही बंद.

गोदाकाठ
सुटलं! तिसऱ्या टोल्याला. चावी अर्धी कापलेली, खाच दीड एमएम सरकलेली. शेतातल्या पंपाची लोखंडी चावी घासून बसवू का?

पाना१९
अजिबात नको. ही चावी मुद्दाम मऊ धातूची असते, पातं आपटलं की तिने कापून जावं म्हणून. चावी ताकद पेलत नाही, ती फक्त स्पार्कची वेळ जुळवते. ताकद टेपरच्या पकडीवर. म्हणून बसवताना टेपर थिनरने पुसून कोरडाठाक ठेवा. तेल-ग्रीस लावलं की चाक सरकतं आणि नवी चावीही जाते. ओरखडे असतील तर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने हलकेच घासा, पेस्ट पूर्ण धुवा. चाकातली खाच रुंदावली असेल तर चाकच बदला.

नट टॉर्क पान्याने, मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे. अंदाज यावा म्हणून: होंडा जीएक्स१६० ला ७५ न्यूटन-मीटर. स्पार्कची कॉइल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकात ०.२५ ते ०.३५ एमएम फट. साधं व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळलं तरी चालतं.

दिंडोरीकर
पातं लावण्याआधी प्लग काढून दोरी हळू ओढा आणि शाफ्टचं खालचं टोक बघा. ते डोलत असेल तर क्रँक, म्हणजे हाच शाफ्ट, वाकलाय. मग नव्या चावीवर खर्च करू नका.