‘सणसणत आली’ म्हणजे आवाज ऐकू आला का?

प्रश्न: २२ मे २०१२ ला भरदुपारी काटोल परिसरात उल्कापाषाण पडले होते. आमची नागपूरची मुलं त्याच्या आठवणी टिपतायत. एक आजोबा म्हणाले, “सणसणत आली नं धपकन पडली.” मुलीनं वहीत लिहिलं, ‘आधी शिट्टीसारखा आवाज, मग आपटल्याचा.’ चालेल?

उत्तर: नाही चालणार. ‘चटकन’, ‘पटकन’ म्हणताना काय वाजतं? ‘-कन’ लागला की नाद मागे राहतो आणि झटका उरतो. चिमणी ‘भुर्रकन’ उडाली हे तर आपण खिडकीच्या काचेआडूनही म्हणतो. ‘सणसणत’ म्हणजे बरेचदा नुसता वेग. आवाज हवा असेल तर ‘-आट’वाले शब्द शोधा, गडगडाट, कडकडाट, सणसणाट.

दुसरं मत: ‘-आट’वरही भिस्त नको. लखलखाट कुठे वाजतो?
शब्दापेक्षा वेळ विचारा. आवाजाला एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद लागतात. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरात १५ फेब्रुवारी २०१३ रोजी उल्केचा झगझगाट पाहून लोक खिडकीशी आले, दणका दोन मिनिटांहून उशिरा पोचला आणि काचा अंगावर आल्या. तेव्हा ‘दिसली नं धडाम झालं’ यातल्या ‘नं’मध्ये मिनिटं दडलेली असू शकतात. आपली बोली ती गिळून टाकते.
उलट कुणी ‘उजेडासोबतच चरचर, फुसफुस’ म्हणालं तर लगेच खोडू नका. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीनं १७१९च्या उल्केबाबत असली वर्णनं कल्पनेच्या खाती टाकली होती. आता उजेडाच्याच वेगानं येणाऱ्या रेडिओलहरींनी, किंवा त्या लुकलुकत्या उजेडानं जवळच्या वस्तू तापून थरथरतात म्हणून, असा आवाज होत असावा असं मानतात. वाद मिटलेला नाही.

पहिलं उत्तर पुन्हा: मान्य. पण मग माझंही थोडं चुकलं. दगड बऱ्याच उंचीवर विझतो, पुढं काळाच, बराच मंदावून खाली येतो. अगदी जवळ असलेल्याला सूंसूं नि धप्प खरंच ऐकू येईल. आजोबा होते कुठं?

प्रश्नकर्ती: आज परत गेले होते. म्हणाले, “म्या कुठं पाह्यली पोरी? घरात झोपलो होतो. धडाम धडाम झालं तं उठून बाहेर आलो. पडली हे मंग शेजाऱ्यानं सांगतलं.”
वहीत आता फक्त ‘धडाम, दोनदा’ ठेवलंय. तेही दोनदा होतं की जोर देण्यासाठी, हे विचारायचं राहिलं.