मदत हवी आहे: वर्षावनाच्या मॉडेलमध्ये लेमूर कुठल्या थरात ठेवू?

पाचवीची_आई: सोमवारी लेकीचं मॉडेल शाळेत द्यायचंय. खोक्यात चार थर केलेत: उंच शेंडे, त्याखाली कॅनोपी (झाडांच्या माथ्यांचं सलग छत), मग झुडपं, मग जमीन. पुस्तकात लेमूर झाडावर दाखवलाय, व्हिडिओत तो जमिनीवर चालतोय. नक्की कुठे ठेवायचा? कृपया लवकर सांगा.

झाडपाला: कुठल्या जंगलाचं मॉडेल? लेमूर कुठला? शंभरावर जाती आहेत. बाकी प्राणी कोणते?

पाचवीची_आई: वर्षावन हो, वर लिहिलंय की. लेमूर, टूकन, वाघ, बेडूक, सरडा. फक्त जागा सांगा ना.

खटपट्या: खोकं थर्माकोलचं असेल तर स्प्रे पेंट मारू नका, थर्माकोल विरघळतो. मुलाच्या किल्ल्याचं असंच वाटोळं झालं होतं. पोस्टर कलर वापरा.

झाडपाला: ताई, घोळ थरांचा नाहीच. लेमूर मूळचे आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाचे. टूकन अमेरिकेतला, वाघ आशियातला, हे तिघं एका रानात कधीच भेटत नाहीत. वाघ काढा, फोसा ठेवा. तिथला सगळ्यात मोठा शिकारी तोच, झाडावर चढून लेमूर पकडतो. त्यामुळे तो जमिनीवर ठेवा किंवा फांदीवर, दोन्ही बरोबर.

भीमाशंकरकर: मादागास्कर कशाला? आपलं भीमाशंकर करा. शेकरू राज्यप्राणी, घरटंही उंच झाडावर बांधतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. मुलांना आधी आपलं रान कळायला हवं.

झाडपाला: शेकरू मलाही प्रिय आहे, पण प्रश्न लेमूरचा आहे. दोन दिवसांत सगळं मॉडेल बदलायला लावू नका.

भीमाशंकरकर: बदलायला काय लागतं? झाडं तीच.

झाडपाला: झाडं तीच कशी असतील? मादागास्करमधली बहुतेक झाडं जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत.

दूरदेशी: मी मादागास्करमधल्या अंदासिबेच्या जंगलात जाऊन आलोय. पहाटे इंद्री ओरडायला लागले की आवाज २ किलोमीटरवर जातो, अंगावर काटा येतो. इंद्री हा आजचा सगळ्यात मोठा लेमूर, काळापांढरा, शेपूट जेमतेम. उभ्या खोडावरून उभ्या खोडावर उड्या मारतो. ताई, तुमच्या खेळण्याची शेपूट कशी आहे?

पाचवीची_आई: लांब, काळेपांढरे पट्टे. त्याने काय फरक पडतो?

दूरदेशी: सगळा फरक पडतो. पट्ट्यांच्या शेपटीचा लेमूर वर्षावनात राहत नाही. तो बेटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या, काटेरी जंगलांतला, बराच वेळ जमिनीवर असतो. व्हिडिओ खराच होता. वर्षावनं पूर्व किनाऱ्यालगत आहेत.

झाडपाला: अगदी बरोबर. मातीचे नवे लेमूर करा. इंद्री खोडाला बिलगलेला. काळापांढरा रफ्ड लेमूर उंच कॅनोपीत, तो फळं खातो. सोनेरी बांबू लेमूर खाली बांबूत. तो तिथल्याच रानोमाफानाच्या जंगलात सापडला, १९८७ साली त्याचं शास्त्रीय नाव ठरलं, आणि सायनाइड असलेला बांबू खाऊन तो जगतो. आय-आय रात्री फिरतो, लांब बारीक बोटाने लाकूड ठोकून आतली अळी बाहेर काढतो. सरडा असेल तर ब्रुकेसिया (तिथला बारका सरडा) म्हणून पालापाचोळ्यात ठेवा, रात्री तो झोपायला बुटक्या काडीवर चढतो.

पाचवीची_आई: पाच मिनिटांचं काम समजले होते. पण लेकीला आय-आयचं बोट फार आवडलं, ती आत्ता मातीच मळतेय. वाघ काढला. टूकन मात्र काढू देत नाही, स्वतःच्या पैशांनी घेतलाय.

भीमाशंकरकर: टूकन काढून धनेश ठेवा.

दूरदेशी: धनेशही मादागास्करचा नाही. ताई, मसोआलाच्या जंगलात हेल्मेट व्हँगा नावाचा पक्षी आहे. अंग काळं, पाठ विटकरी, चोच मोठी आणि निळी. टूकनची चोच निळी रंगवा, पाठ विटकरी करा आणि कॅनोपीच्या खाली, मधल्या फांदीवर बसवा. आकार थोडा मोठा दिसेल, पण पक्षी बेटावरचा होईल.

पाचवीची_आई: निळा आहे. विटकरीसाठी लालमध्ये काय मिसळू?

खटपट्या: थोडा पिवळा आणि काळ्याचा एक थेंब. आधी कागदावर करून बघा.