मदत हवी आहे: टर्मिनलवरच्या ‘कॅल’ने जुन्या तारखांचे वार काढतोय, पण मेळ बसत नाही

नमस्कार मंडळी,

उदगीरजवळच्या एका गावात आम्ही काही जण मिळून वाचनालय चालवतो. दाराशी फळा आहे, त्यावर रोजचा दिनविशेष लिहितो. यंदा १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्याच्या इतिहासातल्या तारखांचा एक मोठा तक्ता लावायचा विचार आहे. तारीख, वार आणि घटना असे तीन रकाने. वाराचा आग्रह माझा आहे. नुसत्या तारखेवरून माणसं पुढं निघून जातात, वार दिसला की थांबतात. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, हे बऱ्याच जणांना पाठ आहे. पण तो गुरुवार होता म्हटलं की मागल्या रात्रीचं गणपती विसर्जन आठवतं, आणि मग बोलणं सुरू होतं.

वाचनालयात एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय. इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. म्हणून वार काढायला टर्मिनलवरची (आज्ञा टंकायच्या खिडकीतली) कॅल ही कॅलेंडर दाखवणारी आज्ञा वापरतोय. (इथं आज्ञा देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टंकतो.) ‘कॅल ९ १९४८’ दिलं की सप्टेंबर १९४८ चं पान समोर येतं. १३ तारखेला सोमवार, त्या दिवशी पोलीस कारवाई सुरू झाली; १७ ला शुक्रवार, त्या दिवशी निजामाची शरणागती. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, शुक्रवार. आमच्या उदगीरची लढाई, ३ फेब्रुवारी १७६०, रविवार. इथपर्यंत काही अडचण नाही. एका मित्राने डेट या तारखेचा वार सांगणाऱ्या दुसऱ्या आज्ञेनं हेच वार पुन्हा काढून पाहिले, सगळे जुळले.

त्याच्या मागं गेलो की बिघडतं. पालखेडच्या लढाईची तारीख आमच्याकडच्या पुस्तकात २८ फेब्रुवारी १७२८ अशी आहे. कॅल म्हणतं बुधवार. डेट म्हणतं शनिवार. त्यानंतरच्या मुंगी-शेवगावच्या तहाची तारीख ६ मार्च १७२८, तिथंही तोच फरक. लॅपटॉप एकच, मग दोन उत्तरं कशी?

मला तीन गोष्टी हव्यात. दोघांपैकी कोणाचं धरायचं? कॅलला काही सांगून हा फरक मिटवता येतो का? आणि गावातल्या जुन्या कागदांवर ‘१३४५ फसली’ असं निजामाच्या राज्यातलं साल आहे, ते कॅलला कळेल असा काही मार्ग आहे का? तक्ता छापायला द्यायचाय, आणि चुकीचा वार एकदा भिंतीवर गेला की तोच पोरांच्या वहीत उतरतो.

प्रतिसाद

दादा, आधी एक करा. ‘कॅल ९ १७५२’ टंका आणि नीट बघा. २ तारखेनंतर एकदम १४ येते. ३ ते १३ हे अकरा दिवस त्या महिन्यात नाहीतच. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी त्या महिन्यात ज्युलियन पंचांग (जुनी इंग्रजी दिनदर्शिका) सोडून ग्रेगोरियन (आज आपण वापरतो ती) धरलं, आणि कॅल सहसा तोच दिवस प्रमाण मानतं. म्हणजे १७५२ च्या त्या सप्टेंबरनंतरची तारीख ग्रेगोरियन, आधीची ज्युलियन. डेट मात्र असा काही बदल मानत नाही. ते कितीही मागं गेलं तरी ग्रेगोरियनच मोजत जातं. दोन्ही आज्ञांचं गणित बरोबर आहे, पंचांग वेगळं आहे. अकरा दिवसांच्या फरकाने वार चार घरं सरकतो: शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. तुमच्या पालखेडचं तेच झालंय.

उबुंटूवर कॅलसोबत एनकॅलही येतं, दोन्ही एकाच पॅकेजमध्ये आहेत. (नव्या उबुंटूत ते आधीपासून नसतं. दुसऱ्या मशीनवर लागलं तर नेट असेल तेव्हा एनकॅल नावाचं पॅकेज टाकून ठेवा.) ‘एनकॅल -पी’ दिलं की कोणत्या देशाने कधी पंचांग बदललं त्याची यादी दिसते. त्यात भारत नाही, म्हणून आपल्याकडे ते १७५२ वरच जातं. जुनी तारीख ग्रेगोरियन धरून वार हवा असेल तर ‘एनकॅल -एस आयटी २ १७२८’ द्या. आयटी म्हणजे इटली. तिथं हा बदल १५८२ मध्येच झाला, त्यामुळे १७२८ चा महिना ग्रेगोरियन छापला जातो आणि २८ ला शनिवार दिसतो. एनकॅलमध्ये वार डावीकडे वरून खाली येतात, तेवढं ध्यानात ठेवा. फेडोरावर (लिनक्सच्या दुसऱ्या एका प्रकारावर) कॅल वेगळ्या घराण्याचं आहे, तिथं ‘कॅल --रिफॉर्म ग्रेगोरियन २ १७२८’ असं लिहावं लागतं.

आणि नुसता एक आकडा देऊ नका. ‘कॅल ९’ म्हणजे सप्टेंबर नाही, इसवी सन ९ चं अख्खं वर्ष.

मूळ प्रश्नकर्ता

दादा, मनापासून आभार. १७५२ चा महिना पाहिला, संध्याकाळी वाचनालयात आलेल्या पोरांनाही दाखवला. त्यांनी तो वहीत उतरवून घेतला.

पण पहिला प्रश्न तसाच राहतो. पालखेडपुढं बुधवार लिहू की शनिवार? पुस्तकातली तारीख ज्युलियन की ग्रेगोरियन, हे पुस्तकात कुठंच दिलेलं नाही.

प्रतिसाद

भाऊ, मी पैठणची, मोडी कागद वाचते, म्हणून लिहिते. हे संगणकाला विचारून कळायचं नाही, मूळ कागदाला विचारावं लागेल. आपल्या जुन्या मराठी कागदांत इंग्रजी तारीख नसतेच. शक, मास, तिथी आणि बऱ्याचदा वार असतो. तो वार कुठल्याही पंचांगाने बदलत नाही, ज्युलियन असो की ग्रेगोरियन, शुक्रवार हा शुक्रवारच. तेव्हा कागदातला वार पक्का धरा आणि कॅलने पुस्तकातली तारीख तपासा.

शिवजन्माचं उदाहरण घ्या. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. आपण १९ फेब्रुवारी १६३० मानतो. ‘कॅल २ १६३०’ द्या, १९ ला शुक्रवार येतो. डेटला विचाराल तर मंगळवार सांगेल. म्हणजे १९ फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियनने तोच दिवस १ मार्च १६३० होतो, आणि त्या दिवशी डेटही शुक्रवारच सांगतं. महाराजांच्या निधनाचंही तसंच. चैत्र शुद्ध पौर्णिमा, शनिवार, ३ एप्रिल १६८०. कॅलवर शनिवार जुळतो. शतकानुसार फरक बदलतो हेही बघून ठेवा: सतराव्या शतकात दहा दिवसांचा, १७०० च्या फेब्रुवारीनंतर अकराचा.

पालखेडसाठी तुम्हाला त्या दिवसाची तिथी आणि वार देणारा कागद किंवा शकावली (घटनांची सालवार यादी) शोधावी लागेल. तो हाती येईपर्यंत तक्त्यावर तारीख छापा, वाराचा रकाना मोकळा ठेवा. मोकळी जागा नंतर भरता येते, छापलेला वार पुसता येत नाही.

फसलीचं म्हणाल तर कॅलला ते मुळीच येत नाही. निजामाच्या राज्यातलं फसली वर्ष आजूर महिन्यापासून, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. १३४५ फसली म्हणजे ६ ऑक्टोबर १९३५ ते ५ ऑक्टोबर १९३६. ऑक्टोबर ते डिसेंबरमधला कागद असेल तर ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढचा असेल तर ५९१. कागदावर आजूर, दै असा महिना असेल तर सालाची निवड लगेच होते, कारण हे पहिले महिने वर्षाच्या सुरुवातीचे. नेमकी तारीख हवी असेल तर त्या वर्षाची जुनी जंत्री (छापील दिनदर्शिका) लागेल, सगळे महिने सारख्या दिवसांचे नसतात. साल काढून झालं की पुढचं काम कॅलचं, १९३५-३६ ला पंचांगाचा काही घोळ नाही.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, तुम्ही सांगितलंत तसं शिवजन्म आणि निधन दोन्ही पडताळले, वार अगदी जुळले. आता तक्त्यात १७५२ नंतरच्या नोंदी वारासकट जातील. त्याआधीच्या नोंदींपुढं शक, तिथी आणि कागदात असेल तो वार देतोय. इंग्रजी तारीख ज्युलियन असेल तर तसं खाली बारीक अक्षरात लिहितो. पालखेड आणि मुंगी-शेवगाव यांच्यापुढचा रकाना मोकळा ठेवलाय.

इथं कोणाच्या घरी १३४५ किंवा १३४६ फसलीची छापील जंत्री असेल, उर्दू असली तरी चालेल, तर कृपया त्यातल्या महिन्यांच्या पानाचे फोटो इथं टाका. आमच्याकडे उर्दू वाचणारे एक चाचा आहेत, ते बसून लावून देतो म्हणालेत.