सावजी मटणासोबत मर्लो चालेल का?

धरमपेठकर: शनिवारी घरी सहा जण जेवायला आहेत, त्यात दोघं शाकाहारी. नाशिककडच्या मर्लो या रेड वाइनच्या दोन बाटल्या आणल्यात. सावजी मटण करायचा विचार करून राहिलो. जमेल का? आणि या उन्हाळ्यात बाटली ठेवायची कशी?

द्राक्षवेल: मर्लो चांगली निवडलीत, पण सावजीसोबत नको, भाऊ. तिच्यात अल्कोहोल साधारण 13 ते 14.5 टक्के असतं आणि तिखटाची आग अल्कोहोलने वाढते. वर टॅनिन, म्हणजे सालीतून येणारा तुरटपणा, झणझणीत रश्श्यासोबत कडू लागतो. प्लम, काळी चेरी, थोडं कोको ही तिची चव पहिल्या घासालाच हरवते.

ही मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची द्राक्षं. तिथल्या पोमेरोल, सेंट एमिलियोंच्या थंड चिकणमातीत कॅबर्ने या दुसऱ्या काळ्या द्राक्षाच्या आधी पिकतात. साल पातळ, त्यामुळे टॅनिन मऊ, आंबटपणाही मध्यमच. म्हणूनच लिंबू, कोकम किंवा टोमॅटो जास्त झाला की वाइन मिळमिळीत लागते.

मटण सुकं करा. किलोला तिखट एक लहान चमचा, त्याहून जास्त नको. सावजीतली चव ठेवायची तर काळी मिरी, दगडफूल, भाजलेलं खोबरं आणि खसखस घाला. चरबी आणि प्रथिनांमुळे तुरटपणा निवळतो, त्यामुळे थोडी चरबी असलेले तुकडेच घ्या. कांदा खरपूस परता. त्या खरपूसपणाला ही वाइन फार छान साथ देते. वाढताना लिंबाची फोड नको.

बर्डीवाला: पाहुण्यांना सावजी हवंच असेल तर? आपल्याकडे त्याशिवाय पंगत पूर्ण होत नाही.

द्राक्षवेल: मग क्रम बदला. सुरुवातीला सीख कबाबसोबत मर्लो, आणि सावजी आलं की किंचित गोडसर, गार शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन. तिखटाला गोडवा आणि गारवा दोन्ही लागतात. मर्लो बर्फासारखी गार करून भागणार नाही, तुरटपणा उलट जास्त टोचेल.

तळघर: तापमानाचं सांगतो, कारण चांगली बाटली बहुतेकदा इथेच बिघडते. पुस्तकात ‘खोलीच्या तापमानाला’ असं वाचून लोक तशीच उघडतात. नागपुरात मे महिन्यात खोलीच 34 अंशांवर असते. तेवढ्या गरम मर्लोत फक्त अल्कोहोलचा भपका येतो. 16 ते 18 अंश हवेत. ‘अर्धा तास फ्रीजमध्ये’ हा सल्ला थंड देशातला आहे. इथे दोन तास तरी लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घ्या, बाटली मानेपर्यंत बुडवा, 10-15 मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण बाटलीला बर्फ सगळीकडून टेकत नाही. ग्लासात एका वेळी 100 मिलीच ओता, नाहीतर पिऊन होईपर्यंत पुन्हा गरम.

दुकानातून आणताना गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. कॉर्क वर सरकलेला किंवा कडेने चिकट दिसला तर वाइन तापलेली समजा. चव शिजवलेल्या मनुकांसारखी होते, ती सुधारत नाही.

सांबारवडी: शाकाहारींसाठी निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत करा, हिरवी मिरची एखादीच. धुराचा वास मर्लोला फार मानवतो. तीळ-शेंगदाण्याची भरली वांगी चालतील, पण गूळ आणि चिंच वगळा. पाटवडी कोरडी वाढा, तर्री नको. मशरूम लोण्यात परतून मिरपूड घातली तर उत्तमच, फक्त मीठ कमी पडू देऊ नका; मिठाने तुरटपणा कमी जाणवतो. संत्रा बर्फी ग्लास रिकामे झाल्यावरच. गोडासोबत वाइन आंबट आणि पातळ लागते.

धरमपेठकर: सुकं मटण आणि भरीत, नक्की. एका बाटलीवर चिली देशाचं नाव लिहिलंय असं आता दिसलं. आणि उरली तर?

द्राक्षवेल: चिलीत बरीच वर्षं कार्मेनेर या दुसऱ्या काळ्या द्राक्षाच्या वेली मर्लो समजून लावल्या जात होत्या, 1994 मध्ये ते उघड झालं. आता वेगळ्या ओळखल्या जातात. ढोबळी मिरचीचा वास आला तर कार्मेनेर असू शकते, ती बाटली मटणाऐवजी भरतासोबत उघडा.

उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर मटणात 150 मिली वापरा: कांदा परतल्यावर ओतून निम्मी होईपर्यंत आटवा, मगच पाणी. भांडं स्टीलचं हवं, लोखंडी कढईत आंबटपणामुळे धातूची चव उतरते.